वर उचललेला हात

नागोया, ८ सप्टेंबर २०२४

चि. नुपूर,

या पत्राला उत्तर देण्याचे बंधन तुझ्यावर नाही. हे सुरुवातीलाच लिहितो, कारण तसे बंधन आहे असे वाटले तर तू पुढे वाचणार नाहीस. तुझा फुनाबोरीचा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. इमारतीचा क्रमांक मी लिहून घेतला आणि तिला परत वाचून दाखवला, तेव्हा ती म्हणाली, "अहो, सुटा भाग नाही मागवायचाय. मुलीला पत्र लिहायचंय."

बातमी अशी की इद्रिस वारझाझी नागोयाला येतो आहे. १३ ऑक्टोबरला, शोनाई नदीकाठच्या मैदानावर, लहान मुलांच्या शिबिरासाठी, एका दिवसापुरता. ज्या मोरोक्कन फुटबॉलपटूचे छायाचित्र तुझ्या टेबलाच्या वर चार वर्षे चिकटवलेले होते, तोच. तू बारा वर्षांची असताना तो कारकिर्दीच्या अखेरीस आपल्या शहरातल्या दुसऱ्या श्रेणीच्या क्लबात दोन हंगाम खेळायला आला आणि आपण दोघांनी घरचा एकही सामना चुकवला नाही. तेव्हा तू मला विचारले होतेस, "बाबा, तो वळायच्या आधी उजवा खांदा का पाडतो?" मी घाईत काहीतरी सांगितले होते. ते उत्तर अपुरे होते. आता पूर्ण देतो.

डाव्या पायाच्या खेळाडूला मैदानाच्या उजव्या कडेला का उभे करतात, येथून सुरुवात करू. कडेने सरळ धावत गेला तर त्याला चेंडू उजव्या पायाने आत टाकावा लागतो, आणि तो त्याचा दुबळा पाय. पण तोच जर आतल्या बाजूला वळला, तर समोर गोल उघडतो आणि चेंडू विनासायास डाव्या पायावर येतो. केवढी सुंदर व्यवस्था आहे पाहा! अडचण एवढीच, की समोरच्या बचावपटूलाही हे ठाऊक असते. म्हणून त्याला अर्ध्या क्षणापुरते पटवून द्यावे लागते, की मी बाहेरूनच जाणार आहे. हे खोटे उजवा खांदा बोलतो. तो झुकतो, बचावपटूचे वजन त्या बाजूला जाते आणि एकदा गेलेले वजन परत आणायला वेळ लागतो. तेवढ्यात इद्रिस आत शिरलेला असतो.

आता यातला खरा मुद्दा. खांद्याला खोटे बोलता येते, कारण खांद्यावर भार नसतो. पावलांना येत नाही. सगळा भार पावलांवर असतो, म्हणून पावले नेहमी खरेच सांगतात. बचावपटूंनी खांद्याऐवजी पावलांकडे लक्ष दिले असते, तर इद्रिसची निम्मी कारकीर्द घडलीच नसती. मैदानावर हे फार थोड्यांना जमते. तुलाही डाव्या पायाने, उजव्या कडेवर हाच खेळ खेळताना मी पाहिले आहे, म्हणून एवढे सविस्तर लिहिले.

तुझी आई म्हणाली की तुमचे प्रशिक्षक हात्तोरी-सेन्सेई निवृत्त होत आहेत, २३ नोव्हेंबरला शाळेत तुमच्या जुन्या संघाचा मेळावा आहे आणि तू जायला नकार दिला आहेस. "परत तिथे खोटारडी म्हणून उभी राहू?" असे तू तिला विचारलेस म्हणे. त्या प्रकरणातली वस्तुस्थिती आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. तू म्हणतेस की उपांत्य सामन्याच्या आदल्या संध्याकाळी तू तब्येतीच्या कार्डावर गुडघ्याबद्दल लिहिले होतेस. कार्डावर तसे काही नव्हते. ते सेन्सेईंनी सर्वांना दाखवले होते आणि त्यावर माझा हांको, माझा शिक्का होता. सहा वर्षांत या विषयात नवे काही पुढे आलेले नाही, म्हणून तो येथे वाढवत नाही.

इद्रिसची कारकीर्द मात्र क्रमाने लिहिण्याचा विचार आहे. पुढच्या एखाद्या रविवारी वेळ मिळेल.

बाबा


नागोया, २२ सप्टेंबर २०२४

चि. नुपूर,

खुरिब्गा हे गाव फॉस्फेटच्या खाणींचे. इद्रिसचे वडील तिथे वाहक पट्ट्यावर काम करत. गावातल्या मैदानावर पांढरी धूळ इतकी दाट बसलेली असे, की चेंडू उसळतच नसे. पडला की तिथेच मेल्यासारखा राही. अशा जमिनीवर शिकलेला मुलगा चेंडू पायापासून वीतभरही लांब जाऊ देत नाही, कारण लांब गेलेला चेंडू परत येणार नाही हे त्याच्या पायाला कळलेले असते. पुढे युरोपातल्या हिरवळीवर सगळे त्याच्या पदलालित्याला दैवी देणगी म्हणाले. देणगी धुळीची होती. कौशल्याचे मूळ शोधताना माणसाच्या आधी जमीन पाहावी, हे मी कारखान्यातल्या नव्या लोकांना याच उदाहरणाने शिकवतो.

एकोणिसाव्या वर्षी तो फ्रान्सला गेला. दोन हंगाम बाकावर बसला, तिसऱ्यात खेळू लागला, चौथ्यात त्याला थांबवणे अवघड झाले. नंतर स्पेन, आणि मग मोरोक्कोच्या राष्ट्रीय संघात जागा. ज्या सामन्याने तो घराघरात पोचला, तो रबातमधला पात्रता सामना तुला तोंडपाठ आहे. तरीही मांडतो, कारण क्रमात तो येतो.

तिसाव्या मिनिटाला त्याच्या डाव्या पावलावर प्रतिस्पर्ध्याचा बूट पडला. हाड मोडले. हे सामन्यानंतर कळले. एकेचाळिसाव्या मिनिटाला कॅमेरा त्याच्यावर येतो. तो कडेपाशी उभा आहे, आपल्या बाकाकडे पाहतो आणि उजवा हात वर करतो, तळवा उघडा. प्रेक्षक त्या हाताला ओरडून उत्तर देतात. अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला विजयी गोल, कारकिर्दीतला उजव्या पायाने मारलेला एकमेव. आता यातले यंत्रशास्त्र पाहा. उजव्या पायाने चेंडू मारायचा तर शरीराचा सगळा भार क्षणभर डाव्या पावलावर घ्यावा लागतो. म्हणजे मोडलेल्या हाडावर. लोक समजतात की दुखऱ्या पायाला त्याने वाचवले. वाचवले नाही, त्याच्यावरच उभा राहिला.

तू चौदा वर्षांची असताना मी तुला तो उंचावलेला हात चित्र थांबवून दाखवला होता. म्हटले होते, "बघ. तो प्रेक्षकांना म्हणतोय, उठा. मी थांबणार नाही, तुम्हीही थांबू नका." तू ते चित्र छापून घेतलेस आणि टेबलाच्या वर लावलेस.

उपांत्य सामन्यात, त्रेसष्टाव्या मिनिटाला तू पडलीस, त्याच्या थोडे आधी, तूही हात वर केला होतास. आमच्या बाजूला वळून. मला इतका अभिमान वाटला की मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. हे तुला कधी सांगितले नव्हते.

एक लहानशी गोष्ट. आपल्या इमारतीला अजूनही लिफ्ट नाही. पहाटे पाच चाळीसला, चौथ्या मजल्यावरून कोणीतरी खाली उतरल्याचा आवाज मला येतो. एक पाऊल जड, एक हलके. जिन्यावर माणूस नसतो. मी दार उघडून खात्री केली आहे, एकंदर अकरा वेळा. तुझ्या आईला काही ऐकू येत नाही. यंत्राच्या आवाजावरून दोष ओळखण्याचे काम मी अठ्ठावीस वर्षे करतो आहे, तेव्हा आवाज असमान आहे याबद्दल शंका नाही. जुन्या इमारतीत काँक्रीट थंडीने आकसते. पण सध्या थंडी नाही.

बाबा


नागोया, १४ ऑक्टोबर २०२४

नुपूर,

काल इद्रिसला भेटलो. जसे घडले तसे लिहितो.

शिबिर दुपारी एकला संपले. चव्वेचाळीस वर्षांचा आहे, पोट सुटले आहे, डाव्या बुटाचा तळ जाड बनवून घेतलेला आहे. मुले गेल्यावर तो बाकावर बसून कोनबिनी दुकानातला ओनिगिरी, भाताचा गोळा, खात होता. त्याचे जपानी मैदानावर शिकलेले, त्यामुळे सगळी क्रियापदे आज्ञार्थी. मी वहीत प्रश्न लिहून नेले होते.

"मी तुमचे इथले दोन्ही हंगाम पाहिले," मी म्हणालो. "घरचे सगळे सामने. मुलीसोबत."

"सगळे? म्हणजे माझ्या बायकोपेक्षा जास्त. तिला सांगू नका." मग माझ्याकडे नीट पाहून, "इंडो? तुमच्याकडे तर लाकडी फळी घेऊन पळतात ना?"

"पळतात. पण मधे जेवणाची सुट्टी घेऊन."

तो इतका मोठ्याने हसला की भाताची शिते बुटावर सांडली. "बसा! बसा, विचारा!"

खांद्याबद्दल विचारले. म्हणाला, त्याने कधी लक्षच दिले नव्हते. धुळीबद्दल विचारले, तेव्हा बराच वेळ बोलला. त्याच्या आईला त्याच्या केसांतून पांढरी धूळ निघाल्याशिवाय तो घरी आल्यासारखे वाटत नसे. मला फार आनंद झाला, माझा सिद्धांत बरोबर होता. मग मी रबातच्या सामन्याकडे आलो आणि वहीत वाचून विचारले, की एकेचाळिसाव्या मिनिटाला प्रेक्षकांना उठवण्याची कल्पना ठरवून केलेली होती, की त्या क्षणी सुचलेली?

"कुठले प्रेक्षक?" तो म्हणाला.

मी हात वर करून दाखवला. तळवा उघडा.

तो हसायचा थांबला. ओनिगिरीचा कागद त्याने घडी करत करत अगदी लहान केला. "तो हात. सगळे तेच म्हणतात. त्याचं टपाल तिकीट काढा म्हणत होते एकदा." मग म्हणाला, "मी प्रशिक्षकांना सांगत होतो. बदला. मला बाहेर काढा. पाय गेला."

"मग त्यांनी काय केलं?"

इद्रिसने कागद बाकावर ठेवला आणि दोन्ही हातांनी, सावकाश, दोनदा टाळी वाजवली.

नदीच्या पलीकडे कोणीतरी कुत्र्याला हाका मारत होते. मी वहीचे पान उलटले. पुढचा प्रश्न गोलाविषयी होता. तो मी विचारला नाही.

तोच बोलत राहिला. "मला वाटलं, त्यांना कळलंच नाही. इतक्या लांबून काय कळणार. बरीच वर्षं तसंच वाटत होतं. मग ते आजारी पडले तेव्हा मी गेलो भेटायला. विचारलं, तुम्हाला दिसलं होतं का? म्हणाले, 'तू गोल केलास ना?' बस्स. दोन महिन्यांनी वारले." त्याने जाड बूट जमिनीवर आपटला. "पाय दुखतो. पायदुखीला गोळी आहे. 'हो, दिसलं होतं' एवढं म्हणाले असते ना…" वाक्य त्याने पुरे केले नाही. त्याला त्यापुढचे जपानी येत नसावे.

निघताना त्याने विचारले, "मुलगी खेळते अजून?"

"नाही," मी म्हणालो.

"पाय?"

"गुडघा."

त्याने मान हलवली आणि माझ्या वहीवर सही केली. सही तुझ्यासाठी आहे. पान सोबत जोडलेले नाही. का ते मला नीट सांगता येत नाही. तू आमच्या बाजूला हात वर केलास तेव्हा तुझ्या आणि माझ्यामध्ये अंतर साधारण पस्तीस मीटर होते. पस्तीस मीटरवरून माणसाचा चेहरा


नागोया, २७ ऑक्टोबर २०२४

नुपूर,

मागचे पत्र अर्धवट असतानाच पाकिटात घातले. पुरे करायला बसलो असतो, तर पाठवले नसते.

काल तुझ्या आईला सांगितले. ती स्वयंपाकघरात प्लास्टिकच्या बाटल्यांची लेबले सोलत होती, आज त्या कचऱ्याचा दिवस. मी उभ्यानेच बोललो, दोन वाक्ये. ती लेबले सोलत राहिली. बाटल्या संपल्यावर म्हणाली, "मला माहीत होतं असं मी म्हणणार नाही. मला माहीत करून घ्यायचं नव्हतं." मग विचारले, "नुपूर कुबड्यांवर वाकून संघाची माफी मागत होती, तेव्हा तुम्ही कुठे बघत होतात?"

"माझ्या बुटांकडे."

"मी तिच्याकडे बघत होते." तिने बाटल्यांची पिशवी बांधली. "मला सांगून काय उपयोग? तिला लिहा. आणि आधी फुटबॉल नका शिकवू."

तेव्हा शिकवत नाही. तू लिहिले होतेस.

३ नोव्हेंबर २०१८, पहाटे साडेपाच. कार्ड रोजच्यासारखे जेवणाच्या टेबलावर, माझ्या हांकोच्या डबीखाली. तापमान ३६.४, भूक चांगली. दुखण्याच्या रकान्यात शार्प पेन्सिलीने, तुझ्या बारीक जपानी अक्षरांत: 'उजवा गुडघा. विचित्र आवाज झाला. दुखतो.' मी ते दोनदा वाचले. तुझ्या कंपासपेटीतले रबर घेतले, तिन्ही वाक्ये खोडली आणि त्या जागी दोन अक्षरे लिहिली, 'नाशी'. म्हणजे काही नाही. तुझे 'शी' खाली लांब वळते, म्हणून तसेच वळवले. शिक्का मारला. रबराचा चुरा तळहातावर गोळा केला आणि तो जळणाऱ्या कचऱ्यात जातो की नाही याचा क्षणभर विचार केला. जातो. टाकला.

पाच चाळीसला तू कार्ड न उघडता पिशवीत टाकलेस, कारण शिक्का मारल्यावर ते उघडायचे कारणच नव्हते. तुला वाटले, बाबांनी वाचले आहे आणि आता सेन्सेई वाचतील. मग तू जिना उतरलीस. एक पाऊल जड, एक हलके. मी स्वयंपाकघरात उभा राहून चौथ्या मजल्यापासून तळापर्यंत ऐकले. हा दोष ओळखायला अठ्ठावीस वर्षांचा अनुभव लागत नाही.

कारखान्यात मी नव्या लोकांना पहिल्या दिवशी काय शिकवतो हे तुला ठाऊक आहे. लहानपणी तू त्याची नक्कल करायचीस. प्रत्येकाच्या डोक्यावरून एक दोरी जाते. काही विपरीत दिसले, ऐकू आले, नुसते वाटले, तरी दोरी ओढायची. सगळा पट्टा थांबतो. कोणी रागवत नाही. ओढणाऱ्याचे आभार मानतात. हे मी शेकडो माणसांना शिकवले. माझ्या घरात सतरा वर्षांच्या मुलीने ती दोरी ओढली, आणि मी ती तिच्या हातातून सोडवून परत वर बांधून ठेवली.

दोष सापडला की पाच वेळा 'का' विचारायचे, ही आमची पद्धत. का खोडले? दुखणे किरकोळ वाटले म्हणून. ते खरे नाही. किरकोळ असते तर खोडावे लागले नसते. मग का? त्या दिवशी विद्यापीठाचे दोन निवडकर्ते सामना बघायला येणार होते. पण ते तुला पुढच्या महिन्यातही बघू शकले असते, सेन्सेई तसे म्हणालेही होते. मग का? मोडलेल्या हाडावर उभ्या राहिलेल्या माणसाची गोष्ट मी तुला इतक्या वेळा सांगितली होती, की तू बाकावर बसणे मला त्या गोष्टीचा पराभव वाटला.

चौथ्या 'का'पाशी मी गेला आठवडाभर अडलो आहे. इस्पितळात तू पलंगावरून म्हणालीस, "बाबा, मी लिहिलं होतं. तुम्हाला माहितेय." आणि मी हात्तोरी-सेन्सेईंकडे पाहून म्हणालो, "असतं तर मी शिक्का मारला असता का?" सगळ्यांना ते पटले. माझ्यासारखा शिस्तीचा माणूस असे करणार नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होते. सेन्सेईंचे बदली खेळाडू तू पडण्याच्या चार मिनिटे आधी संपलेले होते. संघ दहा मुलींनिशी खेळला आणि हरला. पुढच्या आठवड्यात तू त्या दहा जणींपुढे वाकलीस आणि म्हणालीस, "मी लपवलं. मला क्षमा करा." न केलेल्या गोष्टीची.

गुडघा दीड वर्षाने बरा झाला. माझ्याशी बोलणे तू थांबवलेस, हे मी गुडघ्याशी जोडत आलो. ते तसे नव्हते.

बाबा


नागोया, १० नोव्हेंबर २०२४

प्रिय नुपूर,

काल शाळेत जाऊन हात्तोरी-सेन्सेईंना भेटलो. कार्ड बरोबर नेले होते. हंगामाच्या शेवटी त्यांनी पालकांना कार्डे परत दिली होती, तेव्हापासून ते माझ्या ऑफिसातल्या खणात, तळाशी होते. फेकून का दिले नाही ते सांगता येणार नाही. दरवर्षी खण साफ करताना ते हातात येई, आणि मी ते परत खाली ठेवी.

त्यांच्या खोलीत मी जे केले ते सांगितले. सेन्सेई कार्ड घेऊन खिडकीपाशी गेले. पत्र्यावरचा ओरखडा शोधताना आम्ही दिव्याचा उजेड अगदी तिरका पाडतो, तसे धरा, असे मी म्हणालो. त्यांनी धरले. पेन्सिलीचा रंग जातो, पण दाबाची खूण कागदात राहते. वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात त्यांनी ती तिन्ही वाक्ये मोठ्याने वाचली. मग कार्ड टेबलावर ठेवले आणि त्याच्यापुढे वाकले. माझ्यापुढे नाही. बराच वेळ ते तसेच होते, आणि त्यांची पाठ आता पूर्वीसारखी सरळ होत नाही.

उठल्यावर म्हणाले, "पारुचुरे-सान, मी तिच्यावर त्या दिवशी ओरडलो होतो."

"माझ्यामुळे."

"ओरडलो मी." मग विचारले, "मुलींना कोण सांगणार? मी, की तुम्ही?"

मी सांगणार आहे. २३ तारखेला सकाळी अकरा वाजता संघातल्या सर्वजणी मैदानावर जमतील. तू कुबड्यांवर जिथे उभी राहिली होतीस, त्याच जागी, गोलाच्या खांबापासून तिसऱ्या झाडाखाली, मी उभा राहीन, घडलेले क्रमाने सांगेन आणि वाकेन. काही स्पष्टीकरण जोडणार नाही. तुझ्या आईने तशी शपथच घातली आहे. "तुम्ही सुरुवात केलीत की खुरिब्गापर्यंत जाता," असे ती म्हणाली. साडेअकराला मागच्या फाटकाने निघून जाईन. जेवण बारा वाजता आहे. तू बाराला आलीस तर मी तिथे नसेन. अजिबात आली नाहीस, तरी ठरलेले बदलणार नाही. सेन्सेईंनी सांगितले आहे की तुझी खुर्ची मांडलेली असेल, आणि रिकामी राहिली तरी उचलणार नाहीत.

चौथा 'का' मला सापडला. इस्पितळात मी नाकारले, कारण कबूल केले असते तर मी तसा माणूस ठरलो असतो, आणि माझ्याऐवजी तू खोटी ठरलीस हे मला त्या क्षणी परवडणारे वाटले. पाचवा 'का' विचारला नाही. त्याचे उत्तर या चारांहून चांगले निघेल असे वाटत नाही.

जिन्याचा आवाज थांबलेला नाही. पूर्वी मी दार उघडून पाहत असे. आता उघडत नाही, उठून बसतो आणि शेवटच्या पायरीपर्यंत ऐकतो. तेवढे तरी मी तुझे ऐकले पाहिजे.

पाकिटात दोन गोष्टी आहेत. एक इद्रिसच्या सहीचे पान. त्यावर त्याने अरबीत काय लिहिले ते मला वाचता येत नाही, आणि या वेळी त्याचा अर्थ मी लावणार नाही. दुसरे, ते कार्ड. दिवा कार्डाच्या कडेपाशी, जवळजवळ कागदाच्या पातळीत धर. वरचे 'शी' तुझे नव्हे, माझे आहे, ते सोड; त्याच्या खाली पाहा. तिन्ही वाक्ये पुरी दिसतात. हे कार्ड तुझे आहे. कोणाला दाखवायचे, कोणाला नाही, हे तू ठरव. मी फक्त माझ्या तोंडाने सांगणार आहे.

आणि एक. पस्तीस मीटरवरून चेहरा दिसतो. मला दिसला होता. तू हात वर केलास तेव्हा तुझे ओठ घट्ट मिटलेले होते, आणि तू प्रेक्षकांकडे पाहत नव्हतीस. गर्दीत मला एकट्याला शोधत होतीस. मी टाळ्या वाजवल्या.

यापुढे कधी, कुठेही, कुठल्याही कारणाने तू हात वर केलास, तर जे काही चालू असेल ते थांबवून मी येईन. तू बोलावले नाहीस, तर येणार नाही.

खाली हांको उमटवला आहे. वर काहीही खोडलेले नाही.

बाबा